बाजरीच्या दाण्याएवढी

माय, अक्षर वाकडं आहे, सांभाळून घे. माझी शाळा किती झाली ते तुला ठाऊक. नातीला सांगितलं असतं तर तिनं छान लिहून दिलं असतं, पण मग ती प्रश्न विचारत बसली असती. म्हणून मीच लिहिते.

आठ दिवसांपूर्वी धाकटी सून आली. ती आता गावाबाहेर लालबागेत राहते, गिरणीच्या चाळीत. आपल्या वेळी तिथं काय होतं? स्टेशन, गिरणी, गिरणीची एक चाळ नी चहाचं एक दुकान. आता चाळीवर चाळ झाली आहे, बाजार भरतो, शहरातली माणसं तिकडं बिऱ्हाडं करतात. सून कडेवर पोर घेऊन आली नी हातात डबी. म्हणाली, "आत्याबाई, हा दिवसभर रडतो. शेजारीण म्हणते अफूची गोळी दे, बाजरीएवढी, काही होत नाही. देऊ का?" मी डबी घेतली नी मोरीत उपडी केली. ती म्हणाली, "नाही म्हटलं असतं तरी ऐकलं असतं मी. फेकायचं काय कारण होतं?" मी मोरीत वर तांब्याभर पाणी ओतलं. माझ्या पोराला म्हणे तिनं सांगितलं, म्हातारी फार चिडकी झाली. होऊ दे चिडकी. पण तेव्हापासून माझं कामात ध्यान नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

बा पटकीत गेला तेव्हा बाळ तुझ्या पोटात होतं. बाळ तीन महिन्यांचं झालं नी तू गिरणीत लागलीस, रीळ खात्यात. बाकीच्या बाया लालबागेतच खोली घेऊन राहायच्या. तुला पण मुकादमीण म्हणाली होती, खोली बघून देते. पण आजी आडवी आली. "माझ्या पोराचं घर राजपुऱ्यात आहे. त्याची बायको गिरणीच्या चाळीत दिसली तर मी तापीत जाईन." तू म्हणालीस, "तुम्हाला तापीपर्यंत कोण नेईल? दिसत तर नाही." आजी दोन दिवस जेवली नाही. मग तू रोज कोसभर जायला लागलीस नी कोसभर यायला. सकाळी पहिला भोंगा झाला की तू निघायचीस. सगळा रस्ता माणसांनी भरलेला असतो, बाया घोळक्यानं, बहादरपूर गावची माणसं मागून, बाबू लोक टांग्यात. मी दारात बाळाला घेऊन उभी, तुझं लुगडं दिसेनासं होईस्तोवर. त्या चाळीत राहिलो असतो तर दुपारच्या सुट्टीत तू घरी येऊन त्याला पाजून गेली असतीस. एवढीच गोष्ट होती. कोसभराची.

पहिले दोन महिने मीच त्याला घेऊन यायची, आठवतं? दुपारच्या भोंग्याआधी निघायचं, बाळाच्या डोक्यावर ओलं फडकं. गेटावरचा पठाण बाळाला पाहून ओरडायचा, "मालक आये हाजरी लेने." तुझ्या सोबतिणी हसायच्या, "हिचा मालक आला गं, चल, पगार कापेल नाहीतर." तू भिंतीच्या सावलीत बसून त्याला पाजतेस, केसांत कापूस, भुवयांत कापूस, म्हातारी दिसतेस. एका हातानं भाकर खातेस नी मला म्हणतेस, "तू खा आधी, मला नुसतं बघू नको." मला ते दिवस चांगले वाटायचे. मग ऊन चढलं, एक दिवस रस्त्यात बाळानं डोळे फिरवले, नी तू म्हणालीस आता आणायचं नाही. त्या दिवसापासून गोळी सुरू झाली. सगळ्याच गिरणीवाल्या द्यायच्या. अफूच्या सरकारी ठेक्यावर उघड विकत मिळायची. तू रोज निघताना बाजरीच्या दाण्याएवढी मोडून कोनाड्यात पानावर ठेवायचीस. बाळ रडायला लागलं की मी ती दुधाच्या बोटानं चाटवायची. मोडायची तू, द्यायची मी. अफूच्या डबीला हात लावायचा नाही, हे तू मला बजावलं होतंस. माझी शाळा तू गिरणीत लागलीस तेव्हाच सुटली. पाटी शिंक्यात टांगली होती.

त्या दिवशी शाळा तपासायला दिपोटी साहेब येणार होते. बाई आदल्या दिवशी घरी येऊन गेल्या. तुला म्हणाल्या, "तासाभराला तरी पाठवा. वाचणारी एकच मुलगी आहे माझ्याकडे, बाकीच्या नुसत्या माना हलवतात." तू म्हणालीस, "बाई, बाळ तुम्ही सांभाळता का?" बाई गेल्या. मी रडले. तू म्हणालीस, "रडून दिपोटी होणार का तू?" तू थकली होतीस, मला आता कळतं ते.

सकाळी उठले तर तू गेलेली. बाळाला रात्रभर दातांचा त्रास होता, मला नंतर कळलं, भोंगा झाला तरी ते थांबेना, म्हणून तूच त्याला गोळी चाटवलीस नी आजीला सांगून निघालीस. आजी मला सांगायची विसरली. मी कोनाड्यात पाहिलं, पान रिकामं. बाळ पडलेलं होतं, अर्धवट डोळे उघडे, मधेच कुरकुर करायचं. मला वाटलं, माय ठेवायची विसरली. मी डबी काढली. खरं सांगते, बाजरीएवढी मोडता आली असती मला. मी ज्वारीएवढी मोडली. मला तासाभरापेक्षा जास्त वेळ पाहिजे होता. त्याला चाटवली, आजीजवळ निजवलं, पाटी काढली नी गेले. दिपोटीसमोर वाचलं. परत आले तर बाळ तसंच निजलेलं. मी म्हटलं बरं झालं. आजी म्हणाली, "आज शहाणा झाला." दुपार कलली तेव्हा मी त्याला उचललं नी मान मागं पडली. ओठ निळे.

तुला निरोप कोणी दिला मला माहीत नाही. तू चालत आलीस, पळत नाही, चालत. दारातच आजीनं सुरू केलं. "तूच गोळी पाजलीस सकाळी. गिरणीत जायचं म्हणून पोर मारलंस." तू उंबऱ्यातच बसलीस नी म्हणालीस, "हाव. माझ्याच हातानं." आजी मरेपर्यंत तेच बोलली, येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलली, नी तू एकदाही तिला उलटून बोलली नाहीस. तुझी जीभ किती तिखट होती, ती तेव्हाच गेली. मी तिथंच असायची. भाकरी थापायची. पुढं तुझा खोकला सुरू झाला, छातीत कापूस भरला म्हणाले, शेवटी पाणीसुद्धा माझ्याच हातानं प्यायलीस. तेव्हा तरी सांगायचं होतं. नाही सांगितलं.

एक मात्र तुला विचारायचं आहे. बाळाला नेल्यावर तू कोनाड्यातून डबी काढलीस. उघडलीस. बराच वेळ आत पाहिलंस. अफूच्या गोळ्यावर माझ्या नखाची खूण असेल, तू तर नेहमी सुरीनं मोडायचीस. मग झाकण लावलंस नी माझ्याकडे न पाहता बाहेर गेलीस. तुला कळलं होतं का? कळून तू गप्प राहिलीस का? मी पन्नाशी पार केली तरी हे मला सुटत नाही. कळलं असेल तर तू माझ्यासाठी ते डोक्यावर घेतलंस. नसेल कळलं तर मी तुला फसवलं. दोन्ही वाईटच.

हा कागद मी कुठं पाठवणार? चुलीतच जाईल. पण एक राहिलं. सुतक फिटलं नी तू भोंग्याला उठलीस, पदर खोचलास, म्हणालीस, "आजपासून शाळेत जा. आता घरी कोणाला धरायचंय?" मी पाटी घेऊन निघाले. रस्त्यात कडेवर कोणी नव्हतं, हात मोकळे होते. माय, मला हलकं वाटलं.