चिऱ्यातले गोचीड

वरचीवाडी, ३ एप्रिल १९८६
आलो बुवा एकदाचा! पालीला एसटीतून उतरलो तर माझी ट्रंक उचलायला घरमालक आप्पा स्वतः हजर. वाटेत भेटेल तो विचारत होता, हेच काय ते नवे गुरांचे डॉक्टर? पहिलीच नेमणूक आणि तीही कोकणात. मी बार्शीचा, मला सगळ्याचंच अप्रूप. दवाखाना म्हणजे आप्पांची पडवी. राहायला मागची खोली. तिची एक भिंत गोठ्याची, जांभ्या चिऱ्याची, गिलावा नसलेली, भोकाभोकांची. आप्पांचा मुलगा मुंबईला, घर बघते ती सून सगुणा. तिने कुळथाचं पिठलं आणि भात वाढला. दोनदा मागून घेतला.

८ एप्रिल
सरकारी योजनेतल्या संकरित गाई आज घाटावरून ट्रकने आल्या. आमच्या गोठ्यात एक, सगुणाच्या नावावर. तिच्या नावावर आजवर काहीच नव्हतं. गाईचं नाव लगेच ठेवलं, मोगरी. मोगरीच्या कानांत नि शेपटीखाली वाटाण्याएवढे फुगलेले गोचीड होते. पट्ट्यापट्ट्यांच्या पायांचे असले गोचीड इकडे कधी बघितले नाहीत, असं आप्पा म्हणाले. सगळे उपटून रॉकेलमध्ये टाकले, औषध फवारलं.

१९ एप्रिल
मोगरीला फणफणता ताप. खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी झालीये. रक्ताची काचपट्टी रत्नागिरीला पाठवली. शेजारी बांधलेल्या गावठी गाई खुशाल रवंथ करतायत.

२४ एप्रिल
उत्तर आलं. गोचीडताप. त्यावरचं औषध जिल्ह्यात नाही. पुण्यालाही मिळेलसं दिसत नाही. मी जी इंजेक्शनं देतोय ती केवळ देतोय एवढंच. मोगरीचे डोळे कागदासारखे पांढरे पडलेत. सगुणा तिच्या तोंडाशी पेज धरून बसलेली असते.
आज मला म्हणाली, "डाक्टर, उठंल ना वो ती?"
उठेल म्हणालो.

२६ एप्रिल
मोगरी गेली. ट्रकमधून आलेल्या बाकीच्याही एकामागून एक जातायत. सगुणा रडली नाही, गोठा झाडत राहिली. माझ्या सांगण्यावरून आप्पांनी गावठी गुरं वर सड्यावर, कातळाच्या माळावर नेऊन बांधली. गोठा रिकामा.

३० एप्रिल
दुपारी पडलो होतो, पोटरीला खाज आली. बघतो तर एक चिकटलेला. मग भिंतीकडे नजर गेली. चिऱ्याच्या भोकाभोकांतून पाय हलत होते. बारीक, पट्ट्यापट्ट्यांचे. पलीकडे आता जनावर नाही. त्यांना प्यायला काहीच उरलेलं नाही.
भोकं शेणमातीने लिंपली. पावडर मारली. संध्याकाळी शेजारच्या भोकांतून बाहेर.

२ मे
सगुणाला ताप. कानामागे एक सापडला, टम्म फुगलेला. आप्पा माझ्याकडे बघत राहिले. म्हटलं, आप्पा, मी माणसांचा डॉक्टर नाही. तरी बघत राहिले.
जीपने रत्नागिरीला नेली. ताप कसला ते कळत नाही, म्हणाले.

४ मे
आप्पा रत्नागिरीला तिच्यापाशी. घरात मी एकटा. खाट मधोमध ओढली, खाटेचे पाय पाण्याच्या डब्यांत ठेवले. आता वरून पडतात. कौलांतून. अंथरुणावर, ताटात —

५ मे
सगुणा गेली. निरोप्या अंगणातूनच सांगून पळाला. आत यायला कोणी तयार नाही.
मलाही ताप. काखेत गाठ. चाचपून बघतो, लिंबाएवढी — नाही, अजून तेवढी नाही.

६ मे
उठवत नाही. उजेड सोसत नाही. काढणं सोडलं. एक काढावा तर —

दुपार. अंगणात घुंगरं. वाडीतला धोंडू हाका मारतोय. बैल लंगडतो म्हणे. डॉक्टर झोपलेत वाटतं, गोठा मोकळाच आहे, तिथे बांधून ठेवतो म्हणतोय —
नको. ओरडायला हवं. घसा —
भिंत सगळी हलतेय. पलीकडे सरकतायत. धोंडू, बांधू नको रे, तिथं