बंपरला ओरखडा नाही

ती. भाऊजींना नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण सध्या उजवा पाय गुडघ्याखाली बांधलेला आहे, तेव्हा बसल्या जागेवरूनच गोड मानून घ्या. तुमची कंबर काय म्हणते? ताई खोकल्याचं औषध वेळेवर घेते, की बाटलीकडे नुसती बघते? आम्ही उभयता सुखरूप आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. बंपर मात्र खरोखरच सुखरूप आहे.

मागच्या महिन्यात तुम्ही दोन दिवस आलात, आमच्या गाडीचा मागचा बंपर पाहिलात (त्यावर तीन पोचे होते, मान्य) आणि हळहळलात. मग नवा बंपर बसल्यावर ट्रेलर ओढण्यासाठी गाडीखाली जी चौकोनी नळी असते, तिच्यात एक पोलादी दांडा स्वतःच्या हातांनी ठोकून बसवलात. आमच्याकडे ट्रेलर नाही, ट्रेलर असलेलं कोणी ओळखीचंही नाही, पण नळी रिकामी का ठेवायची, हा तुमचा मुद्दा बिनतोड होता. "आता मागून कोणीही येऊ दे, बंपरला ओरखडा उठणार नाही," असं तुम्ही म्हणालात. भाऊजी, तुमची जीभ सोन्याची आहे. नाही उठला.

मागून पहिली आली ती तुमच्या मेहुण्याची, म्हणजे माझी बायको. ती शाळेत खेळ शिकवते, चपळ आहे. डिकीतून चेंडूंची पिशवी काढताना तिने नडगी अशी काही आपटली, की तिचा आवाज ऐकून तिसऱ्या मजल्यावरची माणसं खिडकीत आली. दुसरा मी. तिसराही मीच. मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतो, आणि संध्याकाळी वीतभर पुढे आलेला दांडा मला दिसत नाही, यावर घरात जे बोललं गेलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. मग दांड्याच्या टोकाला लाल फडकं बांधलं. तेव्हापासून गाडी सळया वाहून नेणाऱ्या टेम्पोसारखी दिसते.

पुढचं ऐका. गाडी मागे घेताना काही आड आलं की वाजणारा तो सेन्सर आहे ना, त्याला तुमचा दांडाच आड आल्यासारखा वाटतो. त्यामुळे रिव्हर्स टाकला रे टाकला, की तो कोकलायला लागतो. चार दिवस मी घाबरून उतरून बघत होतो. पाचव्या दिवशी दुर्लक्ष करायला शिकलो. सहाव्या दिवशी तो खरं बोलत होता.

मागे आमच्या इमारतीच्या चिटणीस बाईंची गाडी उभी होती. (बाई निवृत्त टायपिंग शिक्षिका. त्यांची नोटीस कशी असते ते तुम्ही पाहिलं नाही, एक खाडाखोड नाही.) दांडा त्यांच्या गाडीची पुढची जाळी भेदून थेट रेडिएटरात गेला आणि फरशीवर हिरवं पाणी पसरलं. बाई खाली आल्या. शांतपणे म्हणाल्या, "चष्मा कोणाकडून करून घेता तुम्ही?" मी म्हटलं, "मीच करतो." त्या नुसतं "हं" म्हणाल्या. तेवढं पुरलं. रविवारी बैठक झाली आणि ठराव झाला, की दांडा आहे तोवर गाडी फाटकाच्या आत आणायची नाही.

म्हणून आता गाडी तीन गल्ल्या पलीकडे, लाकडाच्या वखारीसमोर उभी असते. बायको जाळी, चेंडू आणि शिट्ट्या घेऊन तिथवर चालत जाते, आणि वाटेत माझ्याशी बोलत नाही. परवा वखारीचा ट्रक मागे येत दांड्यावर आदळला. ड्रायव्हर उतरला, वाकून बंपर पाहिला, म्हणाला, "काही झालं नाही की साहेब!" आणि गेला. गॅरेजवाल्याने गाडी वर उचलून पाहिली तेव्हा कळलं, की दांड्याने सगळा धक्का इमानदारीने आत, गाडीच्या सांगाड्यापर्यंत, म्हणजे चासीपर्यंत पोचवला. चासी वाकली. डिकी लागत नाही. गाडी सरळ जाताना थोडी तिरकी जाते. "पण बंपर काय ठेवलाय हो तुम्ही!" असं म्हणून गॅरेजवाल्याने त्याच्यावरून हात फिरवला. तुमची फार आठवण झाली.

ताईला नमस्कार. तब्येतीला जपा.

आपला,
धाकटा मेहुणा

ता. क. — दांडा काढावा म्हटलं, तर त्याला आडवी पिन आहे आणि पिनेला कुलूप. ("चोरी होऊ नये म्हणून," असं तुम्ही म्हणाला होतात. झाली असती तर मी चोराला चहा पाजला असता.) किल्ली तुमच्याच जुडग्यात राहिली आहे. तेवढी लगेच पाठवा. कुलूप कापायचं तर गॅरेजवाला म्हणतो, आधी बंपर फोडावा लागेल.

ता. क. दुसरा — पाकीट चिकटवणार तोच ताईचा फोन आला. बोलता बोलता तिने सांगितलं, की हा दांडा तुम्ही माझ्यासाठी विकत घेतलेला नव्हताच. तुमच्या गाडीला होता, आणि तिच्या पायाला दोन टाके पडल्यावर तिने तो घराबाहेर काढायला लावला. तेव्हा किल्ली पाठवू नका. रविवारी आम्हीच न्यायला येतो. तुमची नवी गाडी अंगणात भिंतीला लागून उभी असते, असंही ती म्हणाली. ती तिथेच राहू द्या. मी रिव्हर्समध्ये आत येणार आहे.