पिनेवरचा काळा थर

३ जून
पुन्हा किरकिर. ही स्वयंपाकघरात आहे की गॅलरीत, हे मला हल्ली तिच्या कृत्रिम पायाच्या गुडघ्यावरून कळतं. गुडघ्यात पोलादी पिन, पिनेभोवती मी घडवलेलं प्लास्टिकचं बुश — अंगठीएवढं कडं. महिना होत नाही तोच ढिलं. पाऊल टाकताना गुडघा लचकतो. काल भिंत धरली म्हणून वाचली. जिना तर तिने सोडूनच दिलाय.

लेकीने चाकांची खुर्ची पाठवली. हिने खोकं उघडलं नाही. "पुढच्या बुशानेही दगा दिला की बसते त्यात. मग ढकला मला जन्मभर."

हसत म्हणाली. पण म्हणाली.

५ जून
जुन्या बुशात काचेचे धागे होते. धाग्याने प्लास्टिकला बळ येतं हे खरं, पण काच ती काच — पिनेवर ओरखडे काढून ठेवले. आता कार्बनच्या धाग्यांचं नायलॉन आणलंय. नवी पिन, नवं बुश. हे सगळं शिकलो ते हात काळे करूनच. कंबरेचे टाके ढिले झाले आज.

१२ जून
त्याच नायलॉनचा तुकडा वर्कशॉपमधल्या फिरत्या पोलादी चकतीवर दाबून ठेवला होता. झीज जवळजवळ नाहीच. चकतीवर काळपट थर धरलाय, पुसायचा राहिला.

१९ जून
घरी मात्र किरकिर सुरू! तोच माल, तेच हात. चकतीवर टिकतं ते हिच्या गुडघ्यात का टिकू नये? पाय बनवणाऱ्या बाईंना फोन केला. "काका, माप तर बरोबर आहे तुमचं." मग?

संध्याकाळी हिने खोक्याची दोरी सोडली. मी पाहिलंच नाही असं दाखवलं. फार थकलोय.

२१ जून
ही पाय मांडीवर घेऊन बसलेली. दातांचा जुना ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून गुडघ्याच्या फटीत खसाखसा.

"रोज करतेस हे?"

"मग? केवढी काजळी धरते! तुम्हाला घरात कुठली घाण कधी दिसलीय?"

वाकून फटीत पाहिलं. चकतीवरचा थर तो हाच. बुश आधी थोडं झिजतं, त्याची पूड पिनेवर घट्ट बसून गुळगुळीत लेप होतो. मग ते पोलादावर घासत नाही, स्वतःच्याच लेपावर सरकतं. ही रोज लेप खरवडणार आणि ते बिचारं रोज नव्याने अंग झिजवणार.

सांगितलं तर तोंड असं केलं, जणू मी तिला आंघोळ सोडायला सांगतोय. "माझ्या पायात घाण तशीच ठेवायची?"

"घाण नाही गं. अस्तर आहे ते."

तिने पाय पुन्हा चढवला. मग, "हे शेवटचं बुश हं. नंतर तुम्हाला त्रास नाही."

२३ जून
बसवलं. ब्रश तिने स्वतःहून माझ्या हातात दिला.

२७ जून
जेवताना तिच्या हातातलं फडकं दोनदा गुडघ्याकडे गेलं, दोनदा परत आलं. मी ताटात बघत राहिलो.

८ जुलै
सकाळी घर चिडीचूप. किरकिर नाही म्हणजे ही पडली! खोली, न्हाणीघर, गॅलरी, कुठेच नाही. खुर्ची खोक्यातच. जिना कसा उतरलो कोण जाणे.

फाटकाशी उभी, शेजारणीशी गप्पा रंगलेल्या. मला बघून म्हणाली, "अहो, अनवाणी कुठे निघालात?"