अण्णांची नाडी

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अण्णांना उद्या घरी सोडतील. आम्ही बनवलेला हा नववा पंप, आणि तो आपल्याच बापाच्या हृदयाला जोडला, याचा मला केवढा अभिमान वाटतो हे फक्त तुलाच लिहितो. पंप कसा सांभाळायचा याची नातेवाइकांना दोन दिवस शिकवणी असते. इस्पितळातून निघण्यापूर्वी मी नर्सबाईंना म्हटलं, पंप बनवणाऱ्याच्या बहिणीला काय शिकवता, आणि तुझ्या नावापुढे मीच सही ठोकली. कमरेच्या पिशवीत दोन बॅटऱ्या आहेत, बदलताना एका वेळी एकच काढायची. बाकी काही अडलं तर मी आहेच.

तुझा लाडावलेला
भाऊ

१० एप्रिल

चि. खटपट्यास अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते. अण्णा फाटकापर्यंत चालतात. पिशवी झोपेतही त्यांना सोडत नाही, म्हणून आई तिला सवत म्हणते. परवा सहज त्यांचं मनगट धरलं तर नाडीच लागेना. छातीला कान लावला तर नुसती घरघर. अण्णा हसत होते, म्हणून मी डॉक्टरांना बोलावलं नाही. असं चालतं का? लगेच कळव, जीव टांगणीला लागलाय.

तुझी ताई

६ मे

ती. ताईस सा. न.

उशीर झाला, रागावू नकोस. नव्या, लहान पंपाच्या चाचण्यांत मान वर करायला फुरसत नव्हती. अगं वेडाबाई, नाडी लागणारच नाही. हा पंप ठोके देत नाही, रक्त सलग ढकलतो. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना मात्र सांगून ठेव, नाहीतर जित्या माणसाला मेलेला ठरवतील.

माया आहेच, ती वाढव.
भाऊ

११ मे

चि. भावास आशीर्वाद.

अण्णा गेल्याचा निरोप तुझ्या ऑफिसात ठेवला होता, मिळाला असेल. ते कसे गेले, ते आज तुझं पत्र आल्यावर मलाच कळलं.

शनिवारी ते घेरी येऊन पडले. डॉक्टरांनी मनगट धरलं, मान हलवली, गेले म्हणाले. अंग गरम होतं. पंप घरघरत होता. तो आवाज आईला ऐकवेना, म्हणून दोन्ही बॅटऱ्या मी माझ्या हातांनी काढल्या.

तुझा राग येतो, आणि स्वतःची किळस येते. आईला अजून काही माहीत नाही. बॅटऱ्या मी काढल्या, सांगायला तू ये.

लोभाचं सध्या राहू दे.
ताई