पासवाले मोजायचे नसतात

३ मार्च

चि. इंजिनास मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्राला कारण असं की कारणं बरीच साठली आहेत आणि त्यांतलं एकही चांगलं नाही. गुडघा दुखतो. छपराचं एक कौल हललंय. सूनबाईला खोकला झालाय, आणि तरी ती रोज सकाळी सात-वीसच्या गाडीने जंक्शनला हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात कामाला जातेच. नको जाऊ म्हटलं तर म्हणते, चादरी काय खोकला बरा होईपर्यंत थांबणार आहेत का.

तू लहानपणी माझ्या फाटकापाशी फुसफुस करत धावायचास म्हणून तुला इंजिन म्हणायला लागलो. आता तुझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, डोक्यावरचे केस गेलेत, तरी माझ्या तोंडी तेच येतं. राग मानू नकोस.

तुझ्या रेल्वेप्रेमी मंडळाला हवे असलेले आकडे सोबत पाठवतो आहे. फेब्रुवारीत आमच्या थांब्यावर सात-वीसला रोजचे नऊ चढले. कधी आठ, कधी अकरा, पण मध्य काढला तर नऊच. एक दिवस चुकवलेला नाही. माझा मुलगा गेल्यापासून सूनबाईला सोडायला फलाटावर जातो, गाडी येईस्तोवर काय करायचं म्हणून मोजायला लागलो, त्याला तीन वर्षं झाली.

गाडी अजूनही जंक्शनला सहा मिनिटं उशिराच पोचते. मोठी एक्स्प्रेस डोळ्यांदेखत निघून जाते आणि माणसं दोन तास बाकावर बसून राहतात. तुमच्या अर्जात पुलाचं लिहिलंस का? पुलाचं काम संपून आठ वर्षं झाली, पण सावकाश जाण्याची पाटी अजून तिथेच उभी आहे. बिचारा ड्रायव्हर पाटी बघतो आणि बैलगाडीसारखा जातो. मी चौथी शिकलेला फाटकवाला, माझं कोण ऐकणार. तू तरी लिही.

कळावे. लोभ आहेच, तो गाडीसारखा उशिरा पोचवू नकोस.

तुझा मामा

&nbsp;

१२ मार्च

ती. मामांना इंजिनचा सा. न. वि. वि.

मामा, आधी बसून घ्या. मग वाचा.

आमचा अर्ज मंजूर झाला! अकरा वर्षं दुकानात जमून, एकमेकांच्या डोक्यावर वेळापत्रकं आपटून, बायकांची बोलणी खाऊन आम्ही जे कागद पाठवत होतो, त्यांतला एक कोणीतरी वाचला. परवा विभागीय कार्यालयातून पत्र आलं. एक मेपासून सात-वीसची गाडी जंक्शनला एक्स्प्रेसच्या दोन मिनिटं आधी पोचणार. रोजची चारशे माणसं वाचतील. मंडळाचे अध्यक्ष, म्हणजे आमचे औषधवाले, दुकानातच रडायला लागले. त्यांना पाणी द्यावं लागलं.

पुलाच्या पाटीचं मी लिहिलं होतं, पण ते शेवटच्या पानावर गेलं. वेळ दुसरीकडून काढला आहे. कुठून, ते सविस्तर पुढे कधीतरी सांगीन. तुमच्या आकड्यांचा फार उपयोग झाला, एवढं आज सांगतो. तुमच्या वहीसारखी वही साऱ्या मार्गावर कोणाकडे नाही.

वहिनींना खोकल्यावर औषध घ्यायला सांगा. चादरींचं त्या म्हणतात ते खरं असलं तरी.

लोभ वाढता असो, उशीर घटता असो.

आपला इंजिन

&nbsp;

२१ मार्च

चि. इंजिन,

आशीर्वाद लिहायला हात उठत नाही, पण लिहितो. तुझं वाईट व्हावं असं नाही.

आज सकाळी आमच्या फलाटावर खांबाला नोटीस लावलेली होती. एक मेपासून सकाळची गाडी या थांब्यावर थांबणार नाही. खाली कारण दिलंय, चढणारे सरासरी नऊ.

मी खांबच धरला, नाहीतर पडलोच असतो. फलाटावर त्या वेळी पन्नासएक माणसं उभी होती. शिकवायला जाणाऱ्या दोन बाया, गिरणीतले, छापखान्यातला, नर्सिंग शिकणाऱ्या पोरी. सगळे एकमेकांना नोटीस वाचून दाखवत होते. छापखानेवाला म्हणाला, नऊ म्हणजे बहुतेक बोटं मोजली असतील, तीही एक तुटलेल्या माणसाची. कोणी हसलं नाही.

सूनबाईने नोटीस दोनदा वाचली. एका हातात तिचा पास होता. गाडी आली तशी चढली.

आता तू मला सांग. नऊ हे तर तिकीटवाले झाले. पासवाले कुठे गेले? ते तर तुमच्याकडे वेगळे आलेच असतील ना? पुढचं स्टेशन चार किलोमीटर आहे आणि मध्ये रस्ता म्हणजे नुसती खडी. सूनबाईची हजेरी आठला लागते. मी तरणाताठा असतो तर तिला सायकलवर नेली असती.

हे कोणी केलं ते शोधून काढ. तुझी तिथे ओळख आहे. त्या माणसाचं नाव कळव, मी स्वतः पत्र लिहितो. शिव्या मला येतात, तीस वर्षं फाटकावर काढली आहेत.

बाकी ठीक.

मामा

&nbsp;

२५ मार्च

ती. मामांना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र हातात घेऊन मी दुकानाची फळी ओढली आणि आतच बसून राहिलो. गिऱ्हाईक बाहेरून ठोठावत होतं.

मामा, कुठले पासवाले?

तुमच्या वहीत दिवसाला एकच आकडा असतो. मी तो चढणाऱ्यांचा आकडा समजत होतो. सगळ्या चढणाऱ्यांचा. तीन वर्षं! कार्यालयातही पाहून आलो. तुमच्याकडचे पास जंक्शनच्या खिडकीवर निघतात, म्हणून त्यांच्या कागदावर ती सगळी माणसं जंक्शनचीच दिसतात. म्हणजे तुमच्या फलाटावरची चाळीसएक माणसं ना त्यांच्या कागदावर होती, ना तुमच्या वहीत.

आणि आता ज्याला शिव्या द्यायच्या त्याचं नाव कळवतो. मीच तो. पंधराहून कमी चढणारे थांबे गाळावेत, ही सूचना माझी. असे दोन निघाले, एक दगडखाणीचा, एक तुमचा. तुमचा आहे हे मला दिसलं होतं. एका पारड्यात नऊ माणसं, दुसऱ्यात चारशे, असा हिशेब मी केला. वहिनी पुढच्या स्टेशनावर जातील, मामा दोन महिने बोलणार नाहीत आणि मग बोलतील, असं धरून चाललो. तुम्हाला सांगायची छाती झाली नाही म्हणून ‘पुढे कधीतरी सांगीन’ असं लिहिलं.

अधिकाऱ्यांना भेटलो. आधी त्यांनी मला वेड्यात काढलं. शेवटी म्हणाले, लागलेली नोटीस मागे घ्यायची तर पंधरावर भागणार नाही, निदान तीस हवेत. एप्रिलमध्ये एका सकाळी न कळवता त्यांचा माणूस येऊन मोजील. तोच आकडा शेवटचा. कोणी माणसं गोळा करून फलाट भरल्याचं दिसलं तर मोजणीच रद्द. तेव्हा मामा, हात जोडतो, कोणाला काही सांगू नका.

तुम्ही पासवाले का नाही मोजलेत?

लोभ मागायचं तोंड नाही. असला तर थोडा ठेवा.

इंजिन

&nbsp;

५ एप्रिल

प्रिय भावोजींस स. न.

हे पत्र मामांना न सांगता, जेवणाच्या सुट्टीत धुलाईखात्यात बसून लिहीत आहे. कागदाला साबणाचा वास आला तर चालवून घ्या.

तुमचं पत्र मामांनी मला वाचायला दिलं आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून बसले. मग सांगितलं. त्यांच्या उमेदीच्या काळात स्टेशनमास्तरांनी त्यांना शिकवलं होतं की पासवाला रेल्वेचा जावई, त्याची नोंद जिथून पास निघाला तिथे. थांब्यावर फक्त तिकीटवाला मोजायचा. एक माणूस दोन वह्यांत चढला तर हिशेब रुळावरून उतरतो. मास्तर जाऊन वीस वर्षं झाली, पण मामांच्या डोक्यातली त्यांची सही अजून पुसलेली नाही.

मला सोडायला यायचे आणि मलाच मोजायचे नाहीत. ऐकून मी हसले. ते मात्र हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी फलाटावर जाऊन प्रत्येक पासवाल्यापुढे हात जोडून उभे राहिले. लोकांना कळेना. छापखानेवाला घाबरून गाडीत आधीच चढून बसला. त्यानंतर आठ दिवस मामा घराबाहेर पडलेले नाहीत. वही कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली उशीखाली. जेवण निम्म्यावर आलंय.

आता काळजीचं. नोटीस वाचून लोकांनी आपापली सोय बघायला सुरुवात केली. नर्सिंगच्या पोरींनी सायकली घेतल्या, गिरणीवाल्यांनी पास पुढच्या स्टेशनहून काढले. फलाट रोज रिकामा होतोय. काल मी मनातल्या मनात मोजले, तेहेतीस. आज एकतीस. त्यांना थांबा म्हणायचीही चोरी.

आणखी एक. हॉस्पिटलने मला आवारात खोली देऊ केली आहे. एका खाटेची. गाडी थांबणार नसेल तर महिनाअखेर हो म्हणावं लागेल. मामांना हे अजून सांगितलेलं नाही. त्यांना एकटं ठेवून मी तिथे झोपेन कशी? आणि नोकरी सोडली तर दोघांनी खायचं काय?

तुमच्यावर राग होता, तो चादरी आपटून बराचसा गेला. उरलेला भेटीत.

आपली वहिनी

&nbsp;

२४ एप्रिल

चि. इंजिनास मामाचे अनेक आशीर्वाद. मागच्या पत्रातले राहिलेलेही यातच घे.

तुला आमच्याकडचं उडतउडत कळलं असेल, पण नीट कोणी सांगितलं नसणार, म्हणून सगळं लिहितो. अक्षर लावून घे.

सोळा तारखेला मी ठरवलं की आता आपणच जंक्शनला जायचं, साहेबापुढे वही ठेवायची आणि सांगायचं, गुन्हेगार हा आहे, माझ्या भाच्याला आणि या लोकांना बोल लावू नका. रेल्वेने निवृत्तीला दिलेला पास शोधला. मुलगा गेल्यापासून तो वापरलाच नव्हता. सूनबाईला वाटलं मी पूर्वीसारखा सोडायला येतोय. बरं वाटलं तिला.

फलाटावर एक बाई उभी होती. गळ्यात रेल्वेचा बिल्ला, मुठीत अंगठ्याने दाबायचं छोटं यंत्र. मला बघताक्षणी कळलं. मोजणीवाली. आजच!

तू गप्प राहायला सांगितलं होतंस. पण तीन वर्षांची सवय, डोळे मोजतातच. गाडी आली. लोक चढायला लागले, तिचं यंत्र टकटक वाजायला लागलं, आणि मी मनात बरोबरीने चाललो. पंचवीस. सत्तावीस. सूनबाई चढली, एकोणतीस. मग कोणीच नाही. फलाटावर ती बाई आणि मी.

इंजिन, त्या क्षणी मला जे झालं ते शत्रूला होऊ नये. मी चढलो तर तीस होतात. मी फलाट भरायला आलो नव्हतो, खरोखर निघालो होतो, देवाशपथ. पण हे पटणार कोणाला? आणि तोंडातून काय निघावं? मी तिला म्हणालो की बाई, मी पासवाला आहे, मला धरू नका.

दारात उभ्या सूनबाईने कपाळाला हात लावला. छापखानेवाला खिडकीतून ओरडला की म्हाताऱ्याला कोणीतरी आवरा. बाईने शांतपणे विचारलं की तुम्ही कुठे निघालात. मी म्हटलं, तुमच्याच साहेबाकडे, कबुली द्यायला. तिने पास पाहिला, वही पाहिली, माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, जो चढतो तो मोजला जातो, बाबा, आता चढा, तुमच्यामुळे गाडीला उशीर होतोय. पायरीवर पाय ठेवला आणि मागे टक् झालं. सूनबाईने दंड धरून आत ओढलं ते जंक्शन येईपर्यंत सोडलं नाही. वाटेत तिने त्या एका खाटेच्या खोलीचं सांगितलं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

साहेबाला मी सगळं सांगितलं. तीन वर्षांची वही त्याने पानं उलटून पाहिली. म्हणाला, आमच्या कचेरीत पगार घेऊनही कोणी इतकं नीट चुकत नाही. मी त्याला सांगितलं की थांबा ठेवलात तर एक्स्प्रेस गाठायला तीन मिनिटं कमी पडतील, ती पुलावर पडली आहेत, उचलून घ्या. पाटीचं सांगितलं. त्याने फोन लावला. पलीकडच्या माणसाने कागद शोधून सांगितलं, काम केव्हाच संपलंय. मग साहेबच उठून उभा राहिला. आठ वर्षं, म्हणाला, आठ वर्षं कोणी पाहिलं नाही?

परवा खांबावरची नोटीस उतरवली. काल पाटीही काढली. गाडी पुलावरून अशी गेली की सूनबाई म्हणते, बायकांच्या छत्र्या फळीवरून खाली आल्या. मला त्याचीही काळजी वाटते, पण साहेब म्हणतो पूल मजबूत आहे.

खोलीला तिने नाही कळवलं.

कपाट उघडलं. वहीत मधोमध रेघ मारून दोन रकाने केले. सोळा तारखेचं लिहिलं, तिकीटवाले नऊ, पासवाले एकवीस. सूनबाईने मागून डोकावून विचारलं की एकवीसांत ती कितवी. मी म्हटलं, पहिली. तशी ती म्हणाली की तीन वर्षं उशिरा का होईना, आली म्हणायची तुमची गाडी.

लोभाचं वेगळं लिहीत नाही, तो पासवर चालतो. पुढच्या वेळी काही गाळायचं झालं तर आधी मला विचार.

तुझा मामा
(तिसावा)