दोन ॲप आणि एक कौल

ता. मालवण,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय संचिता,

इकडे सगळे बरे आहोत. आईचे गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र ठणठणीत आहे. परतीच्या पावसानं भात थोडं भिजवलं, पण झोडून घरात आलं. तूही बरी असशील.

दादाचं पत्र बघून तू पाकीट दोनदा उलटंसुलटं करशील, हे मला ठाऊक आहे. तीन वर्षांत साधा फोन केला नाही आणि आता एकदम पत्र! खरं सांगतो, मोबाइलवर चार वेळा मेसेज लिहिला आणि चारही वेळा पुसला. कागदावर खाडाखोड केली तरी दिसते, म्हणून हा मार्ग धरला.

आधी माझी गंमत ऐक. शिक्षण परिषदेत केंद्रप्रमुखांनी फर्मान काढलं की प्रत्येक शिक्षकानं कृत्रिम बुद्धिमत्तेची तोंडओळख करून घ्यायची. मोबाइलवर ॲप कुठलंही निवडा, पण महिनाअखेर प्रमाणपत्र आणून दाखवा. माझी नैसर्गिक बुद्धिमत्ता किती, ते तुला माहीत आहेच. त्यात ही कृत्रिम!

तू पुण्यात हेच काम करतेस, यंत्रांना शिकवायचं, असं तुझी लक्ष्मीवहिनी सांगते. म्हणजे विचारायचं तर तुलाच. पण कुठल्या तोंडानं विचारणार? शेवटी स्वतःच तीन ॲप उतरवून घेतली.

पहिलं इंग्रजीत. त्यातली बाई इतकी भरभर बोलायची की तिनं श्वास घेतला तरच मला एखादा शब्द कळायचा. ते काढून टाकलं. दुसऱ्यात दहा व्हिडिओ पाहिले की प्रमाणपत्र हातात. आमच्या शाळेतल्या जितेंद्र गुरुजींनी तेच घेतलं. मला म्हणाले, "मास्तर, व्हिडिओ लावन ठेवा आणि चाय पिवक जावा. सर्टिफिकेट आपसूक येता." तिसरं मराठीत, साधं, पण चेंगट. एकेक गोष्ट करून बघितल्याशिवाय पुढेच जाऊ देत नाही.

त्या तिसऱ्याच्या पहिल्या धड्यात मी तीन दिवस अडकलो. झाडांच्या पानांचे फोटो काढायचे आणि यंत्राला सांगायचं, हे निरोगी, हे रोगट. मग नवीन पान दाखवलं की ते ओळखतं. मी परसातल्या हापूसच्या पानांचे फोटो काढले आणि घाईत चांगल्या पानांवरच 'रोगट' असा शिक्का मारला. झालं! पुढे कितीही टवटवीत पान दाखवलं तरी यंत्र छातीठोकपणे म्हणायचं, रोगट. त्याचा काय दोष? मी सांगितलं तेच ते मनापासून खरं मानत होतं. ते ॲप मी तिथेच बंद केलं. का, ते पुढे येईलच.

तर दुसरं घ्यावं की तिसरं, याचा घोळ आठ दिवस चालला. जेवताना मोबाइल, आंघोळीला जाताना मोबाइल. शेवटी लक्ष्मी वैतागली. "कौल लावा आणि मोकळे व्हा! माका हो तमाशो बघवत नाय."

मी म्हटलं, अगं, ॲपसाठी कोण कौल लावतं? तर म्हणाली, "म्हशीसाठी लावतत, मगे मोबायलासाठी कित्याक नाय?" मला देवळात जायचंच नव्हतं गं. पण ती साडी बदलून अंगणात उभी राहिली.

आज सकाळी गेलो. रवळनाथाच्या देवळात आपला गंगाराम गुरवच होता. तुला आठवत असेल, पाण्यात भिजवलेल्या पाकळ्या तो मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवतो. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. पाकळ्या भिजवता भिजवता तो लक्ष्मीला कौतुकानं म्हणाला, "ह्या देवाचो कौल खोटो जायत नाय गो. मास्तरांनी भयणीच्या नोकरीचो लावलेलो, तेवा लावल्या लावल्या देवान उजवो दिल्यान! बघ, चेडू पुण्यात केदा मोठा झाला."

लक्ष्मीनं माझ्याकडे पाहिलं. मी समईकडे पाहिलं.

मग ती गंगारामला म्हणाली, "थांबा. देवाक आता कायएक विचारू नका. ह्यांका आधी घराकडे काम आसा."

संचिता, तुझी पुण्याची नोकरी आली तेव्हा आई म्हणाली होती, देवाला विचारू. मी एकटाच देवळात गेलो. उजवी पाकळी पडली. आणि घरी येऊन मी सांगितलं की डावा दिला. एवढंच. लिहायला चार ओळी लागल्या, बोलायला तीन वर्षं पुरली नाहीत.

का, म्हणून विचारशील. बाबांना जाऊन चार महिनेच झाले होते. मलाही एकेकाळी बाहेर पडून पुढे शिकायचं होतं, घरासाठी राहिलो. ते कधी बोललो नाही, पण विसरलोही नाही. तू सुटणार आणि मी इथेच, याचा मला राग आला. मत्सरच म्हण. मी स्वतः 'जाऊ नको' म्हटलं असतं तर तू भांडली असतीस आणि जिंकलीही असतीस. म्हणून देवाला पुढे केलं.

तरी तू गेलीस. निघताना आईनं हातावर दहीसुद्धा घातलं नाही. मग तू स्कूटरवरून पडलीस, घरात म्हणाले, कौल मोडला ना. यंदा तुझं ठरत आलेलं लग्न फिसकटलं, पुन्हा तेच. आणि तूसुद्धा लक्ष्मीला फोनवर म्हणालीस, "देवाचं ऐकलं नाही गं वहिनी, त्याचंच हे फळ." मी शेजारीच बसलो होतो. ताटातला भात चिवडत राहिलो आणि गप्प बसलो. कौलाबद्दल खोटं बोललो त्यापेक्षा त्या दिवशी गप्प बसलो, याची मला जास्त लाज वाटते.

घरी आल्यावर लक्ष्मीनं मला आईसमोर उभं केलं. "सांगा. माझ्यासमोर सांगा." सांगितलं. आईनं डोळ्यांना पदर लावून विचारलं, "म्हणजे देव माझ्या चेडवार रागावलेलो नाय?" मी म्हटलं, नाही. कधीच नव्हता. ती इतकी रडली की मी घाबरलो. पण ते सुटल्याचं रडणं होतं. डोळे पुसले आणि मग माझ्याकडे वळली, "मेल्या, तीन वर्सां सोमवार करतंय मी तिच्यासाठी! मास्तर मा रे तू? पोरांकाय ह्याच शिकवतंस?" पुढचं लिहीत नाही. दुपारी मात्र तिनं दोन घास जास्त खाल्ले, आणि मीही. किती दिवसांनी जेवणाला चव लागली!

लक्ष्मी अजून माझ्याशी बोललेली नाही. पण मघाशी हा कागद आणि पेन तिनंच आणून पुढ्यात ठेवलं.

ॲपचं म्हणशील तर तिसरंच घेतलं, कुणालाही न विचारता. चुकीचे शिक्के पुसून सगळी पानं पहिल्यापासून दाखवावी लागली. आता बरोबर ओळखतं. महिनाअखेर प्रमाणपत्र मिळालं नाही तर बोलणी खाईन, तशी सवय आजच झाली आहे.

जत्रा जवळ आली आहे. ये म्हणणार नाही, तो तुझा प्रश्न. माझ्याशी बोलायचं की नाही, हेही तूच ठरव. पण त्या देवळाची पायरी चढायला तू बिचकत असशील, तर बिचकू नकोस. तू देवाचा शब्द मोडून गेली नाहीस, माझा मोडून गेलीस. बरं केलंस.

धाकट्यांना आशीर्वाद लिहायची रीत आहे. आज माझा हात तिथवर जात नाही. म्हणून, वयानं मोठा असूनही,

तुला नमस्कार करतो.

सुदेशदादा