छकुलीचा उजवा गाल

३ मार्च
ती. मावशीस,
सा. न. वि. वि.
आमचं मुरुमांवरचं कोरफड नि टी-ट्री तेलाचं मलम अखेर माणसांच्या गालापर्यंत पोचलं. एका गालाला औषध, दुसऱ्याला तसंच दिसणारं नुसतं जेल. कुठलं कुठे, हे मलाही ठाऊक नाही. तुझ्या छकुलीला चाचणीत घेते. मुरुमांपायी पोरगी स्कार्फ गुंडाळून दरोडेखोरासारखी हिंडते! फोड फोडायचे नाहीत आणि तुझ्या पार्लरमधला एकही लेप लावायचा नाही.
लोभ आहेच, थोडा माझ्या औषधावरही असू दे.
तुझी भाची

२ एप्रिल
चि. शास्त्रज्ञबाईंस,
अ. उ. आ.
माझे हात मी आवरलेत, पण छकुलीचा उजवा गाल टोमॅटो झालाय. डावा मात्र लोण्यासारखा! तू फोनवर म्हणालीस तशी उजवी ट्यूब बंद केली. औषध डावीकडे असणार, हे कळायला प्रयोगशाळा कशाला? अभिनंदन! ती डावी ट्यूब दोन्हीकडे फासायला निघाली, म्हणून मी पिठाच्या डब्यात लपवली.
वेळेवर जेवत जा.
मावशी

१६ एप्रिल
ती. मावशीस,
सा. न.
आज यादी उघडली, औषध उजवीकडे होतं! डावा गाल बहुधा फोड न फोडल्यानेच सुधारला. तेल जास्त झालं. आणखीही काहींचे गाल भाजलेत. साहेब म्हणतात, ही नाजूक मंडळी अहवालातून वगळ, मग आकडे झकास येतात. मी नाही म्हटलं, तर म्हणाले, महिनाअखेरपर्यंत विचार कर, नोकरीचाही. छकुलीला सांगू नकोस.
तुझीच, घाबरलेली

२३ एप्रिल
चि. भाचीस,
अ. उ. आ.
सांगितलं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तुला माहीत होतं. ती बसने तुझ्याकडे निघालीय. हे पत्र तिच्याच हाती देते. ओरडू नकोस, आधी चहा पाज.
मावशी

२५ एप्रिल
ती. मावशीस,
सा. न.
चहा राहिला बाजूला. बाईसाहेब स्कार्फ काढून, उघड्या तोंडाने थेट साहेबांच्या केबिनमध्ये! ते म्हणाले, फोटो पाहिलाय. ही म्हणाली, फोटो काय बघता, गाल बघा, आणि आता मला वगळून दाखवा. साहेबांनी अहवाल पुढे ओढला. शेवटी सगळे गाल अहवालात ठेवून त्यांनी सही केली. मलम बाद झालं. मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं. आता कमी तेलाचं नव्याने करायचं. नोकरी तूर्त शाबूत आहे.
निघताना छकुलीने साहेबांचं अर्धं टक्कल निरखून पाहिलं आणि विचारलं, औषध कुठल्या बाजूला लावलं होतं?
तेल कमी करतेय, लोभ तू कमी करू नकोस.
तुझी भाची